पंच क्रमांक दोन

साहेबांनी विचारलं, आरोपीला ओळखता?
म्हटलं, ओळखतो. तारींचा लवू.
हवालदारानं लिहिलं : ‘ओळखतो.’
एवढ्याशा शब्दात तो बसला,
आखूड कापडात बसवतात तसा.

मी आरोंद्याचा शिंपी.
माणसं मला मापांनी आठवतात.
लवू पहिलीत : कंबर वीस,
चड्डीत दोन इंच आत दुमडलेले,
वाढेल म्हणून.
बाप बाबल, ट्रॉलरच्या विंचात
उजवा हात सोडून आलेला.
मालकानं औषधाचे दिले, हाताचे नाही.

त्याच जूनमध्ये शेवंती
नवं दप्तर घेऊन माझ्या ओट्यावर आली.
आतून कप्पे घाल म्हणाली. आठ.
कसले, विचारलं
तर पदराखालून क्वार्टरची बाटली काढून
टेबलावर ठेवली, मापाला. रिकामी,
राखेनं घासून धुतलेली.
‘पोरग्याक कोण तपासता?’

मी टेप लावली.
बाटलीची उंची, बाटलीचा घेर.
काचेवर काच वाजू नये म्हणून
मधे फ्लॅनेल घातलं.
ते तिनं सांगितलं नव्हतं.
ते माझं डोकं.
शिलाई चाळीस. वीस तेव्हा, वीस शिमग्याला.

पहाटेच्या तरीनं तो पलीकडे किरणपाणीला जाई,
घंटेच्या आत परत.
तरीवाला हात धरून उतरवायचा,
‘हळू रे बाबा, फुटतली.’
नाक्यावरचा शिपाई गाल ओढायचा,
एक पेपरमिंट द्यायचा.
मास्तरांनी वर्गातल्या सगळ्यांना ओणवं केलं असेल,
लवूला कधी नाही.
शनिवारचा एक कप्पा मास्तरांचा होता.
जत्रेच्या वर्गणीत त्याच्या नावाची पावती फाटली,
दहा वर्षांच्या पोराच्या नावाची,
आणि मांडवात लोक म्हणाले :
घर सांभाळता हा झील.
त्याची मान तेव्हा अशी ताठ झाली
की पुढच्या शर्टाची कॉलर
मला अर्धा इंच वाढवावी लागली.

सातवीत असताना एकदा दुपारी आला.
दप्तराशिवाय. हात मागे बांधून उभा.
‘काका, माका शिवूक शिकवश्यात?’
मी काजं करत होतो, मान वर केली नाही.
म्हटलं, मशीन एकच हा रे.

दुसरं होतं.
भावाचं. तो गेल्यापासून चादरीखाली.
चादरीच्या कडेतून त्याचं पायडल दिसत होतं
आणि लवू त्याच्याकडेच बघत होता.

मग पूल झाला. तर बंद.
बाटलीचा खोका झाला, खोक्यांचा टेम्पो,
टेम्पोची ताडपत्री, तीही मीच शिवली.
आता शेवंती दुकानावरून जाताना
लोक आधी बोलत.
पतपेढीत तिला खुर्ची देत.

परवा रात्री नाक्यावर
बॅरिकेडला तो थांबला नाही.
पुढं सदू गवंडे होता. होमगार्ड, रोजावर.
त्याची खाकी पँट मी गणपतीआधी
तळाशी सोडून दिली होती.
लवूहून दोन वर्षांनी लहान.
एकाच टेपनं मापलेले दोघे,
त्यातला एक चादरीखाली
आणि एक त्या जाळीमागे, गुडघ्यात डोकं घालून.
सदूच्या आईला काय सांगायचं
ते मला कुणी विचारू नये.

जप्तीत निघालं : टेम्पो एक. खोके एकशेचाळीस.
ताडपत्री एक, फाटकी.
सीटखाली जुनं शाळेचं दप्तर, एक,
गाडीचे कागद ठेवायचा त्यात.
हवालदार म्हणाला, शिंपी ना तुम्ही,
वर्णन सांगा.

सांगितलं.
आतून आठ कप्पे. फ्लॅनेलचं अस्तर.
शिलाई मशीनची, दुहेरी.
वीस वर्षांत एक टाका उसवलेला नाही.

शेवटचं वाक्य त्यानं घेतलं नाही.
नको म्हणाला, त्याची गरज नाही.
खाली बोटानं जागा दाखवली,
इथे.